कंपनीला माल विकायचाय? आधी मुनीमजीले भेटा

माझं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, यवतमाळ जिल्ह्यात, तालुक्याच्या गावाबाहेर डांबरी रोडला लागून. सुरुवातीला गेट, ग्रिल, ट्रॉलीचे फाळके, डवऱ्याच्या पासा असंच काम होतं. गिऱ्हाईक यायचं, भाव करायचं, शंभर-दोनशे कमी करून घ्यायचं, नोटा मोजून द्यायचं अन् माल घेऊन जायचं. उधारी राह्यली तरी कापूस विकला की स्वतःहून आणून द्यायचे. मग एका जिनिंगचं, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या मिलचं काम भेटलं अन् तिथून मी मिलवाल्यांच्या कामात शिरलो, आता वर्षातलं बहुतेक काम जिनिंग, दालमिल अन् वणी-चंद्रपूरकडच्या मोठ्या कंपन्यांच्या ठेकेदारांचंच असतं. गावातली पोरं येतात, कोणी स्टिकर छापतो, कोणी पाण्याचे कॅन टाकतो, कोणी मोटर रिवाइंडिंग करतो, सगळ्यांचा एकच प्रश्न, भाऊ कंपनीत माल कसा द्यायचा, तिथं ओळख लागते का. दरवेळी अर्धा तास बोलावं लागते म्हणून एकदाच लिहून टाकतो.

पहिल्या कामाचं आधी सांगतो. सरकीचा स्क्रू कन्व्हेअर होता, म्हणजे फिरत्या स्क्रूनं सरकी पुढं ढकलायचं मशीन, जुना सडला होता, फोरमननं मले बोलावलं, मापं दिली, शेटजी तिथूनच चालले होते ते म्हणे "हाव हाव, करून टाक, पैशाचं पाहू." मी खूश. आठ दिवसांत बनवला, ट्रॅक्टरवर टाकून नेला, बसवून दिला, फोरमन म्हणे एक नंबर काम. मी समजलो झाली विक्री. पैसे मागायला गेलो तर मुनीमजी चष्म्यावरून पाहून म्हणतात, "कोणतं काम? कोणी सांगितलं? कितीत सांगितलं? माझ्याजवळ तर कागदच नाही." अन् खरंच नव्हता. फोरमन तोवर काम सोडून दुसऱ्या मिलमध्ये गेलेला, शेटजीले आठवत नाही. सात महिने चकरा मारल्या, शेवटी चार हजार कापून पैसे भेटले. तेव्हा लय राग होता मुनीमजीवर. आता वाटते त्या माणसाची काहीच चूक नव्हती, मी त्याच्या हातात काही दिलंच नव्हतं ज्याच्यावर तो पैसे काढेल.

घरगुती गिऱ्हाईक अन् कंपनी यात फरक आहे तो इथं. घरी ज्याला गेट पाह्यजे तोच भाव करतो, तोच माल उतरवून घेतो अन् तोच पैसे देतो. कंपनीत हे चार वेगळे लोक असतात. गरज फोरमनची किंवा फिटरची, निर्णय शेटजीचा किंवा परचेसवाल्याचा, माल उतरवून घेणार स्टोअरवाला, अन् पैसे मुनीमजी, म्हणजे मोठ्या जागी अकाउंट डिपार्टमेंट. आपण पहिल्या माणसाला खूश करतो अन् समजतो काम फत्ते. पण चौघांची भीती वेगवेगळी असते. फोरमनला भीती की सीझनमध्ये मशीन बंद पडली तर शिव्या मले खाव्या लागतील, म्हणून त्याच्याशी मजबुतीचं बोलायचं, प्लेट किती एमएमची, बेअरिंग कोणतं, बिघडलं तर किती तासांत येशील. शेटजीला भीती की शेजारच्या मिलवाल्यानं हेच स्वस्तात केलं असेल. स्टोअरवाल्याला भीती की वजनात नाहीतर नगात फरक निघाला तर माझ्या नावावर चढेल. अन् मुनीमजीला भीती कागदाची, जीएसटीची, ऑडिटची. एकच भाषण चौघांना देऊन चालत नाही.

छोट्या जिनिंगमध्ये शेटजी, त्यांचा मुलगा अन् मुनीमजी असे तिघंच सगळं चालवतात, मोठ्या सिमेंट कंपनीत हेच काम वीस लोक करतात, पण खुर्च्या त्याच. नवीन जागी गेलो की मी गुपचूप पाहून घेतो कोणत्या खुर्चीवर कोण बसलाय. मुलगा "मीच पाहतो सगळं" म्हणत असला तरी चेकवर सही बापाचीच असते, हे लय ठिकाणी पाह्यलं.

जायचं कधी, अन् कोणाकडं

आपल्याकडच्या मिला पिकाच्या चक्रावर चालतात, त्यामुळं वेळ चुकली की चांगला मालही कोणी पाहत नाही. जिनिंग दसरा-दिवाळीच्या आसपास सुरू होते अन् कापूस जसा येईल तशी मार्च-एप्रिलपर्यंत चालते. या काळात शेटजीकडं नवीन काम घेऊन गेलात तर ते तुमच्याकडं पाहणारच नाहीत, गाड्यांची लाइन लागलेली असते, फक्त ब्रेकडाऊनचं काम भेटते. नवीन कामाची बोलणी मे ते ऑगस्ट. पोळा झाला की त्यांचेच फोन सुरू होतात की अजून झालं नाही का, अन् तेव्हा घाईत भाव जरा बरा भेटतो पण घाईतल्या कामात कागद राहून जातो, म्हणजे पुन्हा तेच.

अकोल्याकडच्या दालमिला नवी तूर आली की, म्हणजे जानेवारीपासून पुढं, जोरात असतात. जिथं अजून उन्हात डाळ वाळवतात तिथं पावसाळ्यात काम मंदावते, तेव्हा दुरुस्त्या निघतात. गोंदिया-भंडाऱ्याकडं धान दिवाळीच्या आगेमागे निघते, म्हणून राईसमिलवाल्यांना गणपतीच्या सुमारास गाठायचं. वरुड-मोर्शीकडं आंबिया बहाराचा संत्रा साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात अन् मृगाचा फेब्रुवारी-मार्चमध्ये, तिथल्या ग्रेडिंग-पॅकिंगवाल्यांना त्याच्या आधी दीड-दोन महिने. कोरपना-गडचांदूर भागातल्या सिमेंट प्लँटचे मोठे शटडाऊन, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लँट बंद ठेवणं, बहुतेक पावसाळ्यात धरतात, कारण तेव्हा बांधकामं थंड असतात अन् सिमेंट कमी खपते. तुमचा धंदा छपाईचा असो की जेवणाच्या डब्यांचा, हे टाइमटेबल भिंतीवर लावून ठेवा. शटडाऊनमध्ये बाहेरून दोनशे माणूस येतो, त्यांना जेवण लागते, गाड्या लागतात, खोल्या लागतात.

गेटवर व्हिजिटिंग कार्ड घेऊन उभं राहून मले आजपर्यंत एकही काम भेटलं नाही. वॉचमन कार्ड ठेवून घेतो अन् त्याच कार्डानं दात कोरतो. काम भेटते ते फिटरच्या ओळखीनं, अन् त्याहून जास्त बेल्ट-बेअरिंगच्या दुकानातून. तालुक्यातल्या बेअरिंगवाल्याले सगळं ठाऊक असते, कोणत्या मिलमध्ये काय बिघडलंय, कोण नवीन शेड टाकून रायला, अन् सगळ्यात महत्त्वाचं, कोण पैसे देते अन् कोण फिरवते. त्याच्या दुकानात चहा पिऊन पंधरा मिनिटं बसायचं. आमच्या इथल्यानं एकदा एका मिलचं नाव काढल्यावर फक्त मान हलवली, काही बोलला नाही. मी ते काम सोडलं. दोन वर्षांनी ती मिल बंद पडली अन् कित्येक जणांचे पैसे बुडाले.

अजून एक, हे फुकटात होते. जीएसटीच्या पोर्टलवर कोणाचाही जीएसटी नंबर टाकून पाहता येते, लॉगिन लागत नाही. नोंदणी चालू आहे की रद्द झाली अन् रिटर्न वेळेवर भरून रायले की नाही तेही दिसते. ज्यानं चार-पाच महिने रिटर्नच भरलं नाही तो आपल्याला काय वेळेवर पैसे देणार.

पहिलं काम मोठं मागू नका. ब्रेकडाऊनमध्ये रात्री दहाला गेलात अन् दोन हजारांचं वेल्डिंग करून मशीन चालू करून दिली तर पुढच्या मे महिन्यात दोन लाखांच्या कामाले तुमचंच नाव निघते.

भाव काढताना उधारी मोजा

इथं बहुतेक जण मार खातात. आमचं काम किलोवर चालते म्हणून किलोचंच उदाहरण देतो, आकडे समजा म्हणून धरा, तुमच्या भागातले वेगळे असतील. ८०० किलोचं स्ट्रक्चर आहे. लोखंड जीएसटी सोडून ६० रुपये किलोनं ४८,००० चं, कटाई-तुकड्यात ५ टक्के वाया जाते त्याचे २,४००, रॉड-गॅस-वीज किलोमागं ८ रुपये म्हणजे ६,४००, मजुरी १२ रुपयांनी ९,६००, कलर ३ रुपयांनी २,४००, गाडी अन् चढवणं-उतरवणं ५,०००. झाले ७३,८००. त्यावर १२ टक्के कमाई धरली की ८,८५६, म्हणजे भाव ८२,६५६. कागदावर चांगलंच दिसते.

आता शेटजीनं तीन महिन्यांनी पैसे दिले तर? माझे ७३,८०० अडकले, अन् ते मी बाहेरून दोन टक्के महिन्यानं उचलले असतील तर तीन महिन्यांचं व्याज ४,४२८. कमाई बरोबर अर्धी झाली. सहा महिने लागले तर मी त्या मिलचं काम फुकट केलं. वरून जीएसटी. १८ टक्क्यांनी बिलावर १४,८७८ लागला, लोखंडावर भरलेले ९,०७२ वजा गेले तरी ५,८०० च्या वर रुपये मले पुढच्या महिन्यात खिशातून सरकारले भरायचेच, शेटजीनं दिले असोत की नसोत. हे घरगुती गिऱ्हाइकात कधी जाणवत नाही.

म्हणून मी दोन भाव सांगतो. नगदीचा एक अन् दोन महिन्यांच्या उधारीचा दुसरा. सरळ सांगतो, शेटजी तुमच्या गाठी विकायच्या आहेत म्हणून थांबायचं असेल तर थांबतो, पण मग हा भाव. त्यांना राग येत नाही, उलट ते स्वतःच व्यापारी, व्याज त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळते. पहिल्या वर्षी मले सांगायची लाज वाटायची.

अन् जिनिंगवाल्याची अडचणही समजून घ्या. नोव्हेंबर ते जानेवारी त्यांचा सगळा पैसा कापसात गुंतलेला असते, शेतकऱ्याला त्या दिवशी द्यावंच लागते, रुईच्या १७० किलोच्या गाठी बांधून गोदामात पडल्या असतात, त्या विकेपर्यंत आपल्यासारख्यांचा नंबर शेवटचा. त्यामुळं जुलै-ऑगस्टमध्ये केलेल्या कामाचे पैसे दसऱ्याच्या आत नाही निघाले तर सरळ फेब्रुवारी-मार्च उजाडते. माझा नियम आहे, ऑफ सीझनच्या कामात ४० टक्के अ‍ॅडव्हान्स, ५० माल पोचल्यावर, १० ट्रायल झाल्यावर. अ‍ॅडव्हान्समध्ये लोखंडाचे बहुतेक पैसे निघाले की झोप लागते.

कागद

काम हातात घ्यायच्या आधी मुनीमजीकडं जायचं. चहा असेल तर प्यायचा, नसेल तर नाही, पण तीन गोष्टी विचारायच्याच. बिल कोणत्या नावानं काढू? पीओ, म्हणजे लेखी ऑर्डर, द्याल की व्हॉट्सअ‍ॅपवर कन्फर्म कराल? पैसे कोणत्या तारखेला निघतात?

पहिला प्रश्न येडा वाटते पण सगळ्यात जास्त बिलं इथंच अडकतात. एका शेटजीच्या चार-चार फर्म असतात, जिनिंग एक, ऑइल मिल दुसरी, ढेपेची ट्रेडिंग मुलाच्या नावानं, गोदाम बायकोच्या नावानं. बोर्डावर एकच नाव असते. माझं एक बिल ऑइल मिलच्या नावानं गेलं अन् काम जिनिंगमध्ये झालेलं, मुनीमजी म्हणे बदलून आणा, तोवर माझं रिटर्न भरून झालं होतं, मग जुनं बिल रद्द करायची क्रेडिट नोट, नवीन बिल, दीड महिना त्यातच गेला.

कोटेशन लेटरहेडवरच द्या, अन् फक्त आकडा टाकून सोडू नका. वजन अंदाजे किती अन् शेवटचं बिल कोणत्या काट्यावर ठरेल, लोखंडाचा भाव किती दिवस धरून राहील (मी ७ दिवस लिहितो, भाव लय हलतो), फिटिंग त्यात आहे का, क्रेन कोणाची, वेल्डिंगला लाइट कोणाची, कलरचे हात किती, अन् पैसे किती दिवसांत. "लाइट कोणाची" हे मी एका मिलमध्ये लिहिलं नव्हतं, त्यांनी जनरेटरचं डिझेल माझ्या बिलातून कापलं.

पीओ भेटला तर वाचा. आपण नंबर पाहतो अन् ठेवून देतो. मागच्या पानावर बारीक अक्षरात उशीर झाला तर किती कापणार, रिजेक्ट माल कोणाच्या खर्चानं परत, हे सगळं असते. छोट्या मिला पीओ देत नाहीत, तिथं बोलणं झालं की बाहेर येऊन लगेच शेटजीले किंवा मुनीमजीले मेसेज टाकायचा: "आज आपलं बोलणं झाल्याप्रमाणे सरकी कन्व्हेअर १ नग, भाव इतका, जीएसटी वेगळा, अ‍ॅडव्हान्स इतका, माल अमुक तारखेपर्यंत. बरोबर आहे का?" समोरून नुसता अंगठा आला तरी चालते. तो अंगठा जपून ठेवा, फोन बदलला की चॅट उडते, स्क्रीनशॉट काढून घ्या.

माल नेताना चलान दोन प्रतीत. गेटवर एंट्री, स्टोअरवाल्याची सही, तारीख अन् शिक्का आपल्या प्रतीवर. घाईत लोक म्हणतात ठेवून जा, उद्या सही देतो. नाही. तासभर बसलो तरी चालेल. या तारखेची किंमत पुढं सांगतो. बिलाची रक्कम ५० हजारांच्या वर असली की गाडी हलवायच्या आधी ई-वे बिलाचं, म्हणजे माल रस्त्यानं न्यायच्या ऑनलाइन कागदाचं, आपल्या टॅक्सवाल्याले विचारून घ्या, राज्यातल्या राज्यात सूट किती ते तो सांगेल, रस्त्यात गाडी अडली की शेटजीचं काम थांबते अन् नाव आपलं खराब होते.

लोखंड कंपनीनंच दिलं अन् तुम्ही फक्त मजुरी केली तर ते जॉबवर्क झालं, मोठ्या बिलावर टीडीएस, म्हणजे तुमचा आयकर आधीच कापतात, प्रोप्रायटर असाल तर १ टक्का, फर्म किंवा कंपनी असेल तर २. तो बुडाला नाही, पॅनवर जमा होतो, रिटर्न भरून हिशोबात घ्या. पॅन दिलं नाही तर २० टक्के कापतात, तेव्हा पॅन आधीच देऊन टाका.

जीएसटीचं घोडं

मालाच्या धंद्यात ४० लाखांपर्यंत अन् सेवेच्या धंद्यात २० लाखांपर्यंत उलाढाल असेल तर नोंदणीची सक्ती नाही, हे खरं. पण कंपनीला विकायचं असेल तर नंबर नसलेल्याला परचेसवाला दारात उभं करत नाही. कारण साधं आहे, तुम्ही लावलेला १८ टक्के त्यांना त्यांच्या टॅक्समधून वजा करून भेटतो, तुमच्याकडं नंबर नसेल तर वजा करायला काहीच नाही. कंपोझिशनवाल्याचंही, म्हणजे उलाढालीवर थोडा ठोक टॅक्स भरणाऱ्याचंही तेच, तो बिलावर टॅक्स लावूच शकत नाही. गावातल्या गिऱ्हाइकाला कंपोझिशन बरं, कंपनीला रेग्युलर.

अन् नंबर घेऊन भागत नाही. तुम्ही दर महिन्याला भरणारे असाल तर विक्रीचं रिटर्न पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत गेलं पाह्यजे, तिमाहीवाले असाल तर कंपनीची बिलं १३ पर्यंत वेगळी चढवायची सोय आहे. १४ ला समोरच्याच्या पोर्टलवर यादी तयार होते, त्यात तुमचं बिल दिसलं नाही की मुनीमजी पेमेंट थांबवतात, अन् बरोबरच करतात, त्यांच्या खिशातून टॅक्स जातो. मी आता ११ ला संध्याकाळी सगळ्या मुनीमजींना एकच मेसेज टाकतो, "बिल चढवलं आहे, पाहून घ्या." एवढ्या एका मेसेजमुळं माझी वसुली जितकी सुधारली तितकी गोड बोलून कधी सुधारली नव्हती.

पैसे काढणं

मुनीमजीनं सांगितलेल्या तारखेच्या दोन-तीन दिवस आधी मेसेज, त्या दिवशी फोन, नंतर प्रत्यक्ष. दिवेलागणीला पैसे मागू नका, जुने शेटजी त्या वेळी घरातली लक्ष्मी बाहेर काढत नाहीत, आरटीजीएस असलं तरी. मी हसायचो, मग लक्षात आलं सकाळी अकराला गेलं की तेच काम हसतखेळत होते.

आता कायद्याचं, हे बहुतेकांना ठाऊक नसते. २००६ चा एमएसएमईचा, म्हणजे सूक्ष्म, लघु अन् मध्यम उद्योगांचा कायदा आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल वा सेवा घेतली तर लेखी मुदत ठरली असली तरी ४५ दिवसांच्या वर नेता येत नाही, अन् लेखी काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या हिशोबानं चक्रवाढ. दिवस मोजतात ते माल पोचल्यापासून, अन् समोरच्याला मालात काही खोट वाटत असेल तर त्यानं १५ दिवसांच्या आत लेखी कळवलं पाह्यजे. चार महिन्यांनी पैसे मागायला गेल्यावर "माल बरोबर नव्हता" म्हणणं चालत नाही. चलानवरच्या तारखेची किंमत म्हणून.

याच्यासाठी उद्यम नोंदणी, म्हणजे आपला धंदा या उद्योगांत बसतो अशी सरकारी नोंद लागते, ती २०२० च्या १ जुलैपासून ऑनलाइन आहे अन् एकदम फुकट आहे. हजार-दोन हजार मागणारे लय बसलेत, त्यांच्या वेबसाइटी सरकारीच वाटतात, आधार-पॅन घेऊन सरकारी पोर्टलवर स्वतः करा. अन् माल द्यायच्या आधीच करा, नंतर काढून जुनं बिल त्यात बसवायला गेलं की वाद होतो. बिलावर उद्यम नंबर छापून टाका. एक अडचण सांगतो, हे उशिराच्या पैशाचं संरक्षण बनवणाऱ्याला अन् सेवा देणाऱ्याला आहे, नुसता आणून विकणाऱ्या व्यापाऱ्याला उद्यम भेटते पण हा फायदा भेटत नाही. बेअरिंगवाला मित्र यावर आजही चिडतो.

२०२३ च्या बजेटात अजून एक कलम आलं, आयकरातलं ४३बी(एच). सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल वरच्या मुदतीत दिलं नाही अन् ३१ मार्च उलटला, तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, ज्या वर्षी पैसे देईल त्या वर्षी. म्हणजे तेवढ्या रकमेवर यंदा टॅक्स. फेब्रुवारीत मुनीमजीजवळ बसून मी फक्त एवढंच म्हणतो, "माझं उद्यम आहे हां, यादीत टाकलं ना?" वाद नाही, आवाज नाही. मुनीमजीच शेटजीले समजावतात. काही मिलवाले उलटं बोलतात की उद्यमवाल्याकडून मालच नको, अशांचं आधीच कळलं ते बरंच.

याहून पुढचं पाऊल म्हणजे एमएसएमईचं सरकारी पोर्टल, तिथं तक्रार टाकली की प्रकरण फॅसिलिटेशन कौन्सिलकडं, म्हणजे थकलेल्या पैशाचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडं जाते. मी आजपर्यंत टाकली नाही. एकदा व्याजाचा हिशोब लावून पत्र तेवढं दिलं होतं, वीस दिवसांत मुद्दल आलं, व्याज मी सोडलं, पण त्या मिलचं काम पुन्हा कधी भेटलं नाही. पोर्टलवर जायचं तेव्हा ते गिऱ्हाईक संपलं असं धरूनच जायचं. बुडणारे पैसे अन् संबंध यातलं काय ठेवायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं, पण एकाच मिलमध्ये वर्षाच्या कामाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पैसा अडकू द्यायचा नाही, हे मी पाळतो.

मोठ्या कंपन्या अन् सरकारी

सिमेंट, कागद, वीज, कोळसा अशा ठिकाणी वेंडर कोड, म्हणजे त्यांच्या यादीतला पुरवठादाराचा नंबर लागतो. जीएसटी, पॅन, उद्यम, कॅन्सल चेक, बँकेचं पत्र, तीन वर्षांची उलाढाल, कधी आधी केलेल्या कामाची सर्टिफिकेटं. ती सर्टिफिकेटं आपल्याकडं नसतात म्हणून थेट शिरणं अवघड, आधी त्यांच्या ठेकेदाराच्या हाताखाली एक-दोन सीझन करा अन् प्रत्येक कामाचं लेखी पत्र घेऊन ठेवा. ठेकेदार पैसे देतो तेव्हा देतो, हेही खरं.

सरकारी खरेदी जेम पोर्टलवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन बाजारात होते, २०१६ पासून. केंद्राची खाती अन् सरकारी कंपन्यांनी खरेदीतली किमान २५ टक्के सूक्ष्म-लघु उद्योगांकडून करायची असा आदेश आहे, त्यात ३ टक्के महिला उद्योजकांसाठी अन् ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांसाठी. बचत गटाच्या ताईंनी हे डोक्यात ठेवा. अन् २५० कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स (TReDS) नावाच्या ऑनलाइन मंचावर नोंदणी करावी लागते, तिथं कंपनीनं तुमचं बिल मान्य केलं की बँक थोडं व्याज कापून पैसे लगेच देते. बाहेरच्या दोन टक्क्यांपेक्षा ते स्वस्त पडते, परचेसवाल्याले विचारून पाहा, विचारल्याशिवाय तो सांगत नाही.

"आमचं काय?" असं विचारणारा एखादा भेटतो. मी दिवाळीला सगळ्यांना सारखा चिवडा-लाडूचा डबा देतो, त्यापुढं नाही. त्यापायी चार कामं हातची गेली असतील.

धान्य विकणाऱ्यांसाठी थोडं

माझ्या आतेबहिणीची महिलांची शेतकरी कंपनी आहे, त्या तूर गोळा करून अकोल्याच्या दालमिलवाल्यांना देतात. पहिल्या वर्षी भाव पाहून गाडी भरली अन् पाठवली. तिथं ओलावा जास्त निघाला, काडीकचरा जास्त निघाला, अन् काट्यात फरक. मिलवाला म्हणे एवढे कापतो, नाहीतर गाडी परत न्या. भरली गाडी अकोल्याहून परत आणायची म्हणजे भाड्यातच मरण, कापून घेतलं. ताई म्हणे, "आम्ही भाव ठरवला, बाकी काहीच नाही ठरवलं बापा."

दुसऱ्या वर्षी आधी दोन किलोचं सँपल दोन थैल्यांत सील करून, एक मिलकडं, एक आपल्याजवळ. ओलावा १२ टक्क्यांच्या आत, त्यावर निघाला तर टक्क्यामागं किती कापायचं ते आधीच मेसेजवर. वजन कोणत्या काट्याचं धरायचं तेही ठरलं, अन् गाडी भरताना ओलावा मापायच्या मशीनचा फोटो तारखेसकट. गाडी अडवायला कारणच उरलं नाही. अन् ताई त्या वर्षीची पहिली गाडी गेली तेव्हा स्वतः ट्रकमध्ये बसून गेल्या होत्या, मालक राहू द्या, त्यांना हिशोब लिहिणारा मुनीम पाहायचा होता.

काम झालं की मी मापं, फोटो अन् कोणतं बेअरिंग बसवलं ते सगळं एका वहीत लिहून ठेवतो, मिलच्या नावानं एकेक पान. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वही उघडायची अन् एकेका फोरमनला फोन, "मागच्या साली टाकलेल्या कन्व्हेअरचं बेअरिंग यंदा पाहून घ्या, आवाज येत असेल तर सांगा, मी सोमवारी तिकडंच येऊन रायलो." मग सोमवारी गेलो की फोरमनकडं दहा मिनिटं, अन् परत येताना मुनीमजीच्या टेबलाजवळ खुर्ची ओढून मागच्या बिलाचा हिशोब.